ट्रायम्फ स्पिटफायरचं मागचं सस्पेन्शन: दुरुस्ती आणि बदलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी स्पिटफायर मार्क थ्री, म्हणजे ट्रायम्फची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६८ सालची. ठाण्यात पोखरण रोडला आमच्या सोसायटीच्या स्टिल्टखाली उभी असते. तिची मागची बाजू मी आजवर दोनदा पूर्ण उतरवली. पहिल्या वेळी बुश बदलले, रंग मारला आणि हाफशाफ्ट (मागची चाकं फिरवणारे दोन दांडे) न तपासता परत घातले. दुसऱ्या वेळी त्यातल्याच एकाला चीर निघाली. तेव्हापासून ऐरोली, नेरूळ, कळवा, डोंबिवली, कुठूनही फोन आला तरी माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: खाली करायची, स्प्रिंग बदलायची, हे सगळं नंतर बोलू, आधी शाफ्ट बघितलेत का?

फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं खाली आहेत.

माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, स्पिटफायर नाही. याचा मला उपयोग होईल का?

होईल. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून इथे बनवलेली हेराल्ड आणि १९६२ मध्ये कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातून बाहेर पडलेली स्पिटफायर या एकाच घरातल्या. दोघींचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचं. स्पिटफायरची चॅसिस हेराल्डच्याच चॅसिसवरून बेतलेली आणि मागची मांडणीही तीच: आडवा पाटा (पोलादी पानांची स्प्रिंग), स्विंग अॅक्सल, दोन रेडियस आर्म. त्यामुळे इथलं जवळपास सगळं हेराल्डला लागू पडतं. फक्त एकीचा भाग दुसरीला लावण्याआधी व्हर्नियरने मोजून घ्या, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका.

१९७२ नंतरच्या स्टँडर्ड गॅझेलला मात्र हे लागू नाही. तिला मागे सरळ अखंड अॅक्सल आणि दोन बाजूंना दोन उभे पाटे दिले होते.

हे सस्पेन्शन चालतं कसं?

गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसा आणि खाली वाकून बघा. मधोमध डिफरन्शियल दिसेल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी. ते चॅसिसला पक्कं बसवलेलं आहे, चाकांबरोबर वरखाली होत नाही. त्याच्या डोक्यावर एक पाटा आडवा, या चाकापासून त्या चाकापर्यंत. आपल्याकडे ट्रकच्या कमानी गाडीच्या लांबीच्या दिशेला असतात, ही गाडीच्या रुंदीत आहे. पाट्याची दोन्ही टोकं चाकाजवळच्या उभ्या लिंकच्या माथ्याला बोल्टने अडकवलेली.

डिफरन्शियलमधून दोन हाफशाफ्ट बाहेर येतात. प्रत्येकाला आतल्या टोकाला एकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आहे, चाकाच्या बाजूला क्रॉस नाही. तिथे शाफ्ट थेट बेअरिंगमधून हबमध्ये जातो. म्हणजे हाफशाफ्ट दोन कामं करतो: चाक फिरवतो आणि चाकाला जागेवर धरूनही ठेवतो. खालचा नियंत्रण-दांडा तोच. चाक खड्ड्यात गेलं की ते आतल्या क्रॉसभोवती दाराच्या पाखासारखं झुलतं, आणि झुलताना त्याचा उभा कोनही बदलतो. पुढेमागे सरकू नये म्हणून रेडियस आर्म, आणि उसळी मारू नये म्हणून शॉकअप.

ही रचना तेव्हा स्वस्त होती, हलकी होती आणि वाईट रस्त्यावर आरामदायक होती. फोक्सवॅगन बीटल, पोर्शे ३५६, मर्सिडीझ ३०० एसएल, सगळ्यांच्या मागे स्विंग अॅक्सलच होता. ती कमी दर्जाची म्हणून हिणवणाऱ्यांचं मला पटत नाही. तिचा स्वभाव माहीत हवा, एवढंच.

वळणावर ब्रेक मारला की मागची बाजू एकदम सुटते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि हे नीट समजून घ्या. घोडबंदर रोडला गायमुखचा उतार आठवा. तिथे वेगात वळणात शिरलात आणि मधेच घाबरून अॅक्सिलरेटर सोडलात, तर वजन पुढे जातं आणि मागची बाजू हलकी होऊन वर उचलली जाते. ती उचलली की झुलणाऱ्या चाकाचा खालचा भाग आत ओढला जातो. बाहेरच्या बाजूचं चाक, ज्याच्यावर त्या क्षणी सगळा भार असतो, टायरच्या कडेवर उभं राहतं. रस्त्याचा जोर त्याला आणखी आत ढकलतो, मागची बाजू आणखी वर जाते आणि पकड अचानक संपते. थोडी थोडी कमी होत नाही, म्हणूनच सावरायला वेळ मिळत नाही.

उपाय चालवण्यातच आहे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात अॅक्सिलरेटर हलकासा दाबलेला ठेवायचा, आणि तो झटक्याने सोडायचा नाही. मागच्या टायरमध्ये हवा पुढच्यापेक्षा जास्त ठेवायची, आकडे मॅन्युअलमधले. पेट्रोल पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखीच भरतो, त्याला प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

गाडी मागून बसली आहे. पाटा गेला हे कसं ओळखायचं?

मागे उभे राहा. चाकांचे माथे आत झुकलेले आणि पाय बाहेर फाकलेले दिसले तर पाटा बसलेला आहे. उलट, माथे बाहेर आणि पाय आत दिसले तर गाडी मागून जास्त उंच आहे. नवा पाटा घातल्यावर सुरुवातीला असंच दिसतं.

डोळ्यांवर थांबू नका, मोजा. गवंड्याचा ओळंबा घ्या, मडगार्डच्या काठावरून चाकासमोर सोडा, आणि दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या काठापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. १३ इंची चाकाच्या रिमचे दोन काठ एकमेकांपासून साधारण ३५ सेंटिमीटरवर येतात, म्हणजे वरखालच्या मापात ६ मिलिमीटरचा फरक आला की झुकाव साधारण १ अंश. मोजण्याआधी जमीन सपाट आहे ना ते बघा, सोसायटीतला उतार पावसाच्या पाण्यासाठी दिलेला असतो आणि तो माप बिघडवतो.

आणखी एक: जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजू नका. उतरवल्यावर चाकं पाय आत दुमडून उभी राहतात आणि टायर जमिनीला चिकटून ती तशीच अडकतात. गाडी चार-पाच मीटर पुढेमागे ढकला, मागचं बंपर दोनदा दाबा, मग मोजा. मागे दोनदा मला घाबऱ्या आवाजात फोन आलेत की पाटा बदलल्यावर चाकं वाकडी झाली. दोन्ही वेळा गाडी नुसती ढकलून बघायला सांगितलं आणि चाकं सरळ झाली.

पाटा कमानवाल्याकडून ठोकून घ्यावा का?

कळंबोली आणि तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास कमानवाले आहेत आणि त्यांचा हात त्यांच्या कामात पक्का असतो. पण ट्रकच्या पाट्याला ऐरणीवर थंडाच ठोकून बाक देण्याची जी पद्धत आहे, ती या पाट्याला फार दिवस टिकत नाही. काही महिन्यांत गाडी परत बसते. पाट्याला खरा बाक द्यायचा तर पानं सुटी करायची, भट्टीत लालभडक तापवायची, साच्यावर वाकवायची, तेलात विझवायची आणि मग कमी तापमानाला पुन्हा ताव द्यायचा. हा शेवटचा ताव चुकला की पान काचेसारखं कडक होतं आणि एखाद्या दिवशी तुटतं. तापमान मोजणारी भट्टी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच हे काम द्या. दोन्ही बाजूंचा बाक सारखा आला का ते जमिनीवर खडूने आकार काढून ताडून बघा.

तुटलेलं पान वेल्डिंग करून देतो असं कोणी म्हणालं तर पाटा उचलून घरी आणा. स्प्रिंगच्या पोलादाला वेल्डिंग मारलं की जोडाशेजारची जागा ठिसूळ होते.

बरेच वेळा पाटा बसलेला नसतोच. पानांच्या टोकांमध्ये लहान गुटके असतात, ते झिजून गेलेले असतात आणि पानं एकमेकांवर घासत असतात. पानं सुटी करून गंज काढा, गुटके नवे घाला आणि मग उंची मोजा. माझ्या गाडीचं काम एवढ्यावर भागलं.

पाटा उतरवायचा कसा?

जागा आधी ठरवा. पेव्हर ब्लॉकवर घोडी (गाडीला आधार देणारं स्टँड) उभी केली की तिचे पाय हळूहळू रुततात आणि गाडी कलते. खाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला. घोड्या चॅसिसखाली लावा, डिफरन्शियलखाली नाही.

चाक काढल्यावर उभ्या लिंकखाली जॅक लावून तिला आधार द्या आणि मगच शॉकअपचा खालचा नट सोडा. या गाडीत चाक किती खाली लोंबणार ते शॉकअपच अडवतो. आधार न देता तो सोडला तर पाटा सगळा जोर एकदम खाली मारतो, तिथे हात असेल तर बोटं जातात. शॉकअप सुटला की जॅक हळूहळू खाली घ्या, पाट्याचा ताण निघून जाईल.

मग ब्रेकची नळी सोडून तिचं तोंड बंद करा, हँडब्रेकची केबल काढा, रेडियस आर्म सोडा, डिफरन्शियलजवळच्या फ्लँजचे चार बोल्ट काढा आणि शेवटी पाट्याच्या टोकाचा बोल्ट. ड्रम, लिंक आणि हाफशाफ्ट असा सगळा संच एकत्र हातात येतो. तो जड असतो, दोघं असलेले बरे. ब्रेकच्या नळीवर ड्रम लोंबकळू देऊ नका.

दोन्ही बाजू झाल्या की गाडीच्या आत, सीटच्या मागे कार्पेटखाली एक झाकण आहे ते उघडा. पाट्याला डिफरन्शियलवर दाबून धरणारे नट तिथून हाती लागतात. ते काढले की पाटा चाकाच्या पोकळीतून बाजूने ओढून बाहेर येतो. बाहेर काढण्याआधी पुढची बाजू कुठली ते रंगाने खूण करून ठेवा.

ट्रनियनचा बोल्ट निघतच नाही. काय करू?

निघणार नाही. तो निघाला असता तर मलाच आश्चर्य वाटलं असतं. ट्रनियन म्हणजे उभी लिंक आणि हबची हाउसिंग यांना जोडणारा सांधा. उभ्या लिंकच्या दोन कानांमधून जाणारा हा लांब बोल्ट आत एका पोलादी नळीतून जातो, आणि पन्नास वर्षांच्या पावसाने बोल्ट आणि नळी एक झालेले असतात.

मी काय केलं ते सांगतो. चार दिवस रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गंजसोडी तेल घातलं. पाचव्या दिवशी लांब पान्याने नट सुटला, पण बोल्टचं डोकं फिरवलं की नळीही त्याच्याबरोबर फिरे आणि आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येई. घनाने ठोकून बघितलं. बोल्टचं टोक फुलून मशरूमसारखं झालं, एक सूतही सरकला नाही. शेवटी वागळे इस्टेटमधले लेथवाले काका संच बघायला आले. त्यांनी हातोडा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "अहो साहेब, बोल्ट शंभर रुपयांचा, लिंक कुठून आणणार? कापा त्याला." लिंकचा कान आणि ट्रनियनची हाउसिंग यांच्यामध्ये जेमतेम पातं जाईल एवढी फट आहे. नुसतं हॅक्सॉचं पातं एका टोकाला कापड गुंडाळून धरायचं आणि त्या फटीतून बोल्ट कापायचा, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला मला पाऊण तास लागला आणि तीन पाती गेली. लिंकला ओरखडाही आला नाही.

परत बसवताना बोल्ट, नळी आणि नायलॉनचे बुश नवे, आणि बोल्टला सगळीकडून कॉपर ग्रीस. पुढच्या माणसाला कापावं लागणार नाही.

मागच्या ट्रनियनला पुढच्यासारखं गिअर ऑइल घालायचं का?

नाही. ९० नंबरचं गिअर ऑइल फक्त पुढच्या ट्रनियनला, आणि तिथे ग्रीस नाही, ऑइलच. मागे नायलॉनचे बुश आहेत.

हब कसा काढायचा?

हे या गाडीवरचं सगळ्यात अवघड काम. शाफ्टचं टोक निमुळतं आहे, त्यावर हब चावीसह दाबून बसवलेला आहे आणि नट त्याला घट्ट ओढून धरतो. बाजारातला तीन पायांचा साधा पुलर लावू नका. तो हबच्या पातळ फ्लँजला कडेला ओढतो, फ्लँज वाकते आणि नंतर चाक डुगडुगत राहतं.

जाड प्लेटचा पुलर हवा, चाकाच्या चारही स्टडवर नटांनी बसणारा आणि मधोमध मोठा बोल्ट असलेला. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, कुठल्याही लेथवर तो बनवून मिळतो, हबचं माप घेऊन जा. शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, टोकाशी समपातळीत ठेवा म्हणजे आटे वाचतात. मधला बोल्ट ताणा, डोक्यावर घनाचा एक खणखणीत घाव, पुन्हा थोडा ताण. सुटला नाही तर ताण तसाच ठेवून झोपायला जा. माझा एक हब रात्री अडीच वाजता आपोआप सुटला, वॉचमनला वाटलं टायर फुटला.

हाफशाफ्टमध्ये नेमकं काय तपासायचं?

शाफ्ट स्वच्छ धुवा आणि उजेडात धरा. आतल्या बाजूचं बेअरिंग सुयांचं आहे आणि त्या सुया थेट शाफ्टवरच फिरतात. तिथे अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, आणि त्यावर नवं बेअरिंग घालून उपयोग नाही, ते लगेच ढिलं होईल.

मग चीर. ती डोळ्यांना दिसत नाही. बेअरिंगजवळ जिथे शाफ्टची जाडी बदलते ती कड आणि चावीची खाच या दोन जागा धोक्याच्या. डाय पेनेट्रंट तपासणी करून घ्या. तीन डबे असतात: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या पावडरीचा. लाल रंग चिरेत शिरतो, वरचा पुसून टाकायचा आणि पांढरा फवारा मारायचा. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात टाक्या आणि पाइप वेल्डिंग करणाऱ्या कारखान्यांत ही तपासणी रोजची आहे. माझे शाफ्ट अशाच एका ठिकाणी तपासले. डावा पांढराशुभ्र राहिला. उजव्यावर दोन मिनिटांनी बेअरिंगच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली आणि हळूहळू पाव घेरापर्यंत गेली. त्या शाफ्टवर मी त्याच्या आदल्याच महिन्यात मुलीला घेऊन पाम बीच रोडला गेलो होतो.

या गाडीत शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला तर चाकाला धरून ठेवणारं दुसरं काही नाही. ड्रमसकट चाक बाहेर पडतं. चीर निघालेला शाफ्ट वेल्ड करू नका, त्यावर धातूचा थर चढवून घासूनही घेऊ नका. बदला. इंग्लंडमध्ये या गाड्यांचे भाग नव्याने बनतात, तिथून मागवलेला चांगल्या पोलादाचा नवा शाफ्ट हा या गाडीवरचा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च समजतो मी.

१९७३ पासून स्पिटफायरचा मागचा ट्रॅक (दोन चाकांमधलं अंतर) रुंद झाला आणि शाफ्ट लांब झाले. जोडी घेताना दोन्ही सारख्याच लांबीचे घ्या.

गाडी निघताना मागून 'टक्' आवाज येतो. क्रॉस गेला का?

बहुतेक वेळा हो. न्यूट्रलमध्ये ठेवून, चाक अडवून डिफरन्शियलकडची फ्लँज हाताने उलटसुलट फिरवा, क्रॉसच्या कपात हालचाल दिसली की तो गेला. तो ठीक असेल तर डिफरन्शियल चॅसिसला जिथे बसतं तिथले रबर बुश बघा, हबचा नट बघा, रेडियस आर्म बघा.

क्रॉस घेताना कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांची बाहेरून बाहेर लांबी मोजून न्या. कप बसवताना आतली एखादी सुई आडवी पडते, ती लक्षात न येता प्रेस मारला की कप अर्ध्यात अडतो. जोर लावू नका, बाहेर काढा, सुया ग्रीसने चिकटवा, पुन्हा घाला. सगळ्या सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्या आणि शाफ्ट स्वतःच्या वजनाने सहज झुलला की काम झालं.

रबर बुश घ्यावेत की पॉलियुरेथेन?

पाट्याच्या डोळ्यांत मी रबरच ठेवतो, कारण तिथला बुश पिळला जातो आणि रबर ते शांतपणे सहन करतं. रेडियस आर्मला पॉलियुरेथेन चांगलं. तिथे बुश ढिला असला की खड्ड्यात मागचं चाक स्वतःच थोडं वळतं आणि गाडी बोटीसारखी डुलते. माजिवडा ते कापूरबावडी पुलाखालून जाताना माझी गाडी आधी असंच करायची, बुश बदलल्यावर थांबली.

रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के करू नका. गाडी चाकांवर उतरवा, पुढे दोन माणसं बसवा आणि मग आवळा. हवेत आवळलेला बुश गाडी उतरवल्यावर कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

नट-बोल्ट कुठले? मिलिमीटरचे चालतील का?

चालणार नाहीत. या गाडीवर यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे आहेत. पाव इंचाचा, अडीच सुताचा, तीन सुताचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट मागा आणि यूएनएफ हा शब्द मुद्दाम सांगा, नाहीतर जाड आट्याचा देतात. तीन सुती यूएनएफला इंचाला २४ आटे असतात. १० मिलिमीटरचा त्यात जोर लावून फिरवला तर आटे खातो. सस्पेन्शनला हाय टेन्साइल बोल्टच, साधा लोखंडी नाही. लॉकनट एकदा काढला की नवा.

पानेही इंचाचे ठेवा. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ चा पाना ढिला बसतो आणि कोपरे गोल करतो. पाऊण इंचाला १९ चा मात्र बरोबर बसतो.

मार्क थ्रीला नंतरची स्विंग स्प्रिंग लावावी का?

मला बदल एकच सुचवायचा असेल तर हा. १९७० च्या शेवटी आलेल्या मार्क फोरमध्ये कारखान्यानेच वळणातला तो दोष काढला. पाट्याचं फक्त सर्वांत खालचं पान डिफरन्शियलवर पक्कं ठेवलं आणि बाकीची पानं एका खोक्यात मधल्या टेकूवर झुलती केली. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर सगळी पानं मिळून काम करतात, पण गाडी वळणात कलली की वरची पानं झुलतात आणि पाटा गाडीला वर उचलून धरत नाही. चाक आत दुमडण्याची प्रवृत्ती खूप कमी होते.

पण मागची बाजू वळणात मऊ झाली की पुढे जाड अँटी-रोल बार (गाडीचं कलणं आवरणारी आडवी दांडी) लावावाच लागतो. कारखान्यानेही तेच केलं होतं. नुसता पाटा बदलून बार जुनाच ठेवलेली गाडी मी चालवली आहे, ती वळणात इतकी कलते की भरवसा वाटत नाही. डिफरन्शियलवरच्या स्टडची मांडणीही आधी जुळवून बघा.

गाडी खाली करण्यासाठी पाट्याखाली ठोकळा घातला तर?

पाटा आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये ठोकळा घातला की गाडी मागून खाली येते आणि चाकांचे माथे थोडे आत झुकतात. वळणात याचा फायदा होतो हे खरं. त्यासाठी लांब स्टड लागतात आणि ठोकळा घन धातूचा हवा, वायसरांची चळत नको. पण आपल्या सोसायट्यांच्या गेटवरचे स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यानंतरचे रस्ते बघता मी घातलेला नाही. पाटा नवा असून गाडी उंच वाटत असेल तर आधी हजारभर किलोमीटर चालवा, तो बसतो.

पाट्याची पानं कमी करून गाडी खाली करू नका.

जीटी ६ सारखे रोटोफ्लेक्स जोड बसवता येतील का?

येतात. जीटी ६ ही स्पिटफायरचीच सहा सिलिंडरची बहीण. तिच्या १९६८ च्या मार्क टूला रबराचे मोठे जोड आणि खाली विशबोन (चाकाला धरणारा फाटेदार दांडा) दिला होता आणि चाल फारच सुधारली होती. पण रबर फाटतं, बसवायला कटकटीचं आहे, आणि खुद्द कारखान्याने १९७३ मध्ये जीटी ६ ला परत स्विंग स्प्रिंगवर आणलं. आपल्या उकाड्यात मी त्या वाटेला जाणार नाही.

शॉकअप कुठले?

साधे, मूळ मापाचे, पण जोडीनेच. पूर्ण उघडल्यावरची लांबी मूळ शॉकअपएवढीच हवी. लांब घातला तर चाक जास्त लोंबतं आणि क्रॉस अडकतो. कडकपणा बदलता येणारे घेतलेत तर सर्वांत मऊ खुणेवरून सुरुवात करा. बहुतेक जण कडक करून ठेवतात आणि मग चाकं रस्त्यावरून उड्या मारतात.

अलाइनमेंटवाला म्हणतो मागे काही होत नाही. खरं आहे का?

आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे काही करता येत नाही म्हणून तो तसं म्हणतो. या गाडीत रेडियस आर्मचा ब्रॅकेट जिथे बॉडीला बसतो, तिथे मागे शिम (पातळ चकत्या) घालून किंवा काढून चाकाचा टो, म्हणजे ते किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे, तो बदलतो. मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलचा आकडा आहे. यंत्रावर मापं घ्या, शिम स्वतः घाला, पुन्हा मापं घ्या. घरी दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी ताणूनही चांगलं माप मिळतं. ब्रॅकेट काढल्यावर निघालेले जुने शिम कुठल्या बाजूचे किती ते लिहून ठेवा, पिशवीत एकत्र टाकू नका.

आरटीओची काही अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. झिजलेला पाटा, शाफ्ट, बुश बदलणं ही दुरुस्ती आहे. चॅसिस कापणं, नवे ब्रॅकेट वेल्ड करणं याला मी हात लावत नाही, आणि त्याचं दुसरंही कारण आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुमची गाडी एमएच ०४ वर असो की एमएच ४३ वर, बोल्टने लागेल आणि बोल्टने निघेल असाच बदल करा. मूळ भाग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्या.

खाडीच्या हवेने आणि पावसाने होणारा गंज कसा आवरायचा?

मे महिन्यात एक रविवार काढा. रेडियस आर्मचा ब्रॅकेट ज्या पत्र्याला बसतो तिथे कार्पेट उचलून आतून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. पत्रा दबला तर तो गंजला आहे, आणि तो तुटला तर चाकाला पुढेमागे धरायला काही उरत नाही. पाट्याच्या पानांमध्ये तेल ब्रशने सोडा, रबर बुशला लागू देऊ नका. हबच्या हाउसिंगवरचा प्लग काढा, निपल लावा, ग्रीसगनचे चार-पाच झटके द्या आणि थांबा. जास्त ग्रीस सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर उतरतं. निपल काढून प्लग परत लावा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. चाकाला लाकडी गुटका लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी अर्धं चाक पुढे ढकला, म्हणजे बेअरिंगच्या सुया एकाच जागी बसून राहत नाहीत.